सारवलेलं खळं ही धावपट्टी नव्हे

मंडळी, आपल्या ग्रुपवर दुपारपासून गाजणारा तो 'नैसर्गिक धावपट्टीवर अचूक लँडिंग' व्हिडिओ पाहिलात ना? सकाळी मी तिथेच होतो आणि अजून माझं डोकं तापलेलं आहे.

खोडाळ्याजवळच्या माळावर आम्ही रिमोटची विमानं उडवत होतो. गवतावर उतरवून झालं, डांबरी रस्त्यावर झालं. मग आमचे वैमानिकशिरोमणी सुहासराव यांना खालच्या पाड्यात एक गोल, गुळगुळीत जागा दिसली.

"अहो, ते खळं आहे. उद्याच्या नागलीच्या झोडणीसाठी सारवलंय," मी म्हणालो.

"फक्त चाकं टेकवतो हो!"

चाकं टेकली, ओल्या शेणात रुतली आणि विमान खळं नांगरत गेलं. वर महाशय ते आणायला बुटांसकट आत शिरले. तिथे घरची माणसंही चपला घालून जात नाहीत.

सारवून नुकत्याच उठलेल्या सोनीबाई धावत आल्या. "सपाट दिसला म्हंजे तुजा झाला का? पायतानं काड आधी! उद्या झोडायला मानसं येतील, त्यांना काय दाखवू?"

"मावशी, थोडंसंच उखडलंय."

"मंग तूच आन पानी विहिरीवरना!"

सुहासरावांनी हंडा नाही, मोबाईल उचलला आणि ते गाडीत जाऊन बसले.

त्यांनी ग्रुपवर टाकलेला तो व्हिडिओ चाकं टेकताच संपतो. सोनीबाईंनी डोक्यावरून पुन्हा आणलेलं पाणी त्यात नाही. तरी तुम्ही वाहवा करताय!

ठीक आहे. उद्या सुहासरावांच्या दिवाणखान्यात फरशी पुसून ओली असतानाच मी बुटांसकट विमान उतरवायला जाणार आहे. वाहवा करायला कोण कोण येतंय?