सागरची सीट

मुलगा सागर गेल्यावर कौशल्याबाईंनी त्याचे कपडे वाटून टाकले, मोबाइल पुतण्याला दिला. गाडीला मात्र कोणाला हात लावू दिला नाही.

त्या दिवशी जळगाव जामोदच्या भाजीबाजारात शेतातली वांगी विकून तो अंगात ताप घेऊनच घरी आला होता. गाडी शेडमध्ये लावली आणि म्हणाला, "माय, जराक पडतो." दुसऱ्या दिवशी अँब्युलन्स बोलवावी लागली. डेंग्यू निघाला. अकोल्याच्या दवाखान्यातून तो परत आला नाही.

गाडी तिथंच राहिली. सागर चांगला उंच होता. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली, पाठ थोडी कललेली. तो उठला तेव्हा होती तशीच. कौशल्याबाई दुपारची कामं आटोपली की मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. पुढं बसलं की समोरून येणाऱ्या गाड्यांची त्यांना भीती वाटायची, म्हणून गाडी घेतल्यापासून त्यांची जागा मागेच. सागर त्यांना देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला घेऊन गेला तेव्हाही त्या त्याच्या पाठीमागे बसून, त्याच्या मानेकडे बघत गेल्या होत्या. आता तिथं बसलं की तो आत्ताच उतरून पाणी प्यायला गेलाय असं वाटायचं. उठताना त्या ड्रायव्हरच्या सीटखालची धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या आणि काचा नीट लावून दार बंद करायच्या.

सून संजीवनी, सागरची बायको, नर्स होती. वर्ष सरलं आणि तिला वडनेर भोलजीला कंत्राटी नोकरी लागली. एसटीनं नांदुऱ्याला उतरून पुढं जाण्यात दिवस जायचा. तिनं गाडी शिकून घेतली. पण बॅटरी बदलून शेडमधली गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा तिनं सीट सरकवली नाही. पाठीमागे उशी लावली आणि सीटच्या टोकावर बसून कसाबसा ब्रेकला पाय पोचवला. सासू ओट्यावरून गाडी बाहेर पडताना बघत होती.

स्टिअरिंगसमोर एक लाल दिवा लागला होता, तो काही केल्या विझेना. सासरे महादेवरावांनी गावातल्या भागवतला बोलावलं. भागवत गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्यानं मशीन जोडून पाहिलं.

"काका, एअरबॅगचा दिवा हाये. ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला जो फुगा असते ना, त्याच्या लायनीत खराबी दाखवते. जोड सीटखाली हाये. सीट खोलावी लागते."

महादेवरावांनी ओट्यावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सीटले हात नको लावू बे. दिवा तेवढा बंद करून दे."

"दिवा बंद करता येते काका. पण मंग ठोकर बसली त फुगा उघडन का नाही, याचा काही भरोसा नाही. गाडी कोण चालवून राह्यलं?"

"सून."

"मंग मी तसं करत नाही."

कौशल्याबाई कधी उठून आल्या ते कोणाला कळलं नाही. त्यांनी उघड्या दारातून उशीकडे पाहिलं.

"ही उशी ठिवून चालवत व्हती तू?" त्यांनी संजीवनीला विचारलं.

संजीवनी खाली मान घालून म्हणाली, "मले जमते आई."

"काय जमते? पाय त पोचत नाही तुहा." मग भागवतकडे वळून त्या म्हणाल्या, "खोल सीट."

भागवतनं बॅटरीची तार काढली आणि तो ओट्यावर येऊन बसला.

"आता काऊन थांबला?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"तार काढली तरी यात थोडा वेळ करंट राह्यते काकू. घाई केली त फुगा अंगावर फुटते."

चहा झाला. मग भागवतनं खटका ओढून सीट पुढं घेतली. रुळाचा खरखर आवाज झाला, तशा कौशल्याबाईंनी डोळे मिटले. मागचे बोल्ट काढून त्यानं सीट कलती केली आणि खालचा पिवळा जोड उकलला. आतल्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. गालिचा हाताला ओलसर लागला.

"पाणी कुठून आलं इथं? काचा त बंद व्हत्या," भागवत म्हणाला.

कौशल्याबाई म्हणाल्या, "मी पुसत व्हती. रोज."

भागवतचा हात थांबला. "गाडी उभी राह्यली की व्हतेच असं, काकू," तो म्हणाला. पण त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "मले वाटे धूळ नाही बसली पायजे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

नवा जोड अकोल्याहून मागवावा लागला. तो येईपर्यंत भागवतनं गालिचा काढून उन्हात वाळवला. मग जुन्या पिना कापून नवा जोड बसवला, सीट घट्ट केली आणि शेवटी बॅटरी जोडली. चावी फिरवल्यावर लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला.

"सीट पयलेसारखी मागं करून देऊ का काकू? मी खूण करून ठिवली हाये."

कौशल्याबाईंनी सीटच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "नको. तिले बसव अन् तिच्या पायाच्या मापानं लाव."

संजीवनी बसली. सीट पुढं आली, पाठ सरळ झाली. तिनं आरसा स्वतःकडे वळवला आणि तिला रडू फुटलं. सासूनं दारातून हात आत घालून तिच्या डोक्यावर ठेवला. "रडत गाडी नको चालवू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून संजीवनी गाडीनं वडनेरला जाऊ लागली. कौशल्याबाई फाटकापर्यंत येत, गाडी वळेस्तोवर उभ्या राहत. पण गाडीत बसायला त्या पुन्हा गेल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी संजीवनीनं विचारलं, "आई, चलता का बाजारात?" त्यांनी मान हलवली. "तू जाय. मले आता त्यात तो दिसत नाही."

त्या दुपारी त्या एकट्याच वांग्याच्या वावरात गेल्या. बाजारातून परतताना संजीवनीला वावराच्या कडेला, धुऱ्याच्या बांधाशी महादेवराव उभे दिसले. वाफ्यांतून रडण्याचा आवाज येत होता, मोठ्यानं, गळा मोकळा सोडून. मुलगा गेला त्या दिवशीही कौशल्याबाई अशा रडल्या नव्हत्या. महादेवरावांचं पाऊल पुढं पडत नव्हतं.

संजीवनीनं चपला काढल्या आणि वाफ्यातून चालत जाऊन ती सासूजवळ मातीत बसली.