नवस मोडला त्या दुपारी

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझी देवीवर भक्ती नव्हती, मला तिचा धाक होता. दोन वर्षांपूर्वी माझ्या सुनेचं, मीराचं, पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याच्या आदल्या आठवड्यात ती बांगड्या भरायला औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन आली होती. झालं! गर्दीत कुणाची तरी नजर लागली, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मनात ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण माझी जीभ तिखट. दहादा तिला बोलून दाखवलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी कर्णपुऱ्याच्या देवीपुढं पदर पसरला. म्हटलं, "आई, बाळंतपणापर्यंत हिला घराचा उंबरा ओलांडू देणार नाही. एवढं लेकरू पदरात टाक." नवस बोलले मी आणि पाळायचा मीरानं! तेव्हा यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही.

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला नसीमताई नावाची आशाताई आहे. घरोघर जाऊन गरोदर बायांची नोंद करायची, त्यांना तपासणीला न्यायचं, हे तिचं काम. डोक्यावर ओढणी, खांद्याला पिशवी, आणि गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईचा महिना तोंडपाठ. दर महिन्याला भर उन्हात ती दारात उभी. "मावशी, पाठवा ना मीराला. वजन, रक्त, बीपी बघू, घंटाभरात आणून सोडते." मी म्हणायची, "आमची देवी बघती तिचं." ती कधी चिडली नाही. हसायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायची. तिनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या मी डब्यात टाकून ठेवल्या, लेकरू काळं निपजंल म्हणून. तपासण्या लिहायचं कार्ड दिलं, तर त्याला हळदकुंकू वाहून देवघरात ठेवलं. देवापाशी ठेवलं म्हणजे काम झालं, अशी माझी अक्कल. मीरा कधी हूं की चूं करायची नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

आठवा सरत आला तसे मीराचे पाय सुजले, मग तोंडही सुजलं. मी म्हटलं, चांगलं आहे, बाळसं आईलाच आलंय. डोकं ठणकायचं, तर सुंठ उगाळून लावली. एके दुपारी ती भिंतीला टेकून म्हणाली, "आई, डोळ्यापुढं काजवे चमकायलेत." मी मीठमिरच्या घेतल्या, तिच्यावरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे नजर जबर, असं आमच्यात मानतात. दुसऱ्यांदा उतरवल्या, तिसऱ्यांदा उतरवल्या. तेवढ्यात तिला ओकारी झाली आणि ती तिथंच आडवी झाली. मुलगा कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. घरात आम्ही दोघीच. देवघरापुढं बसून मी म्हणाले, "आई, मला काही सुचंना. आता तूच काय ते कर." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला कसलीच अट घातली नव्हती.

दार वाजलं. बाहेर नसीमताई! तो तिचा आमच्याकडं यायचा दिवस नव्हता. पलीकडच्या गल्लीत एका गरोदर बाईला बघायला आली होती, पण ती बाई माहेरी गेलेली आणि घराला कुलूप. "इथवर आलेच हाये तर म्हटलं मीराला बघून जावं," ती म्हणाली. माझ्या हातातल्या मिरच्या तिनं बघितल्या, पण एका शब्दानं हिणवलं नाही. पिशवीतून मशीन काढून मीराच्या दंडाला लावलं. आकडा बघितला, पुन्हा लावलं. "मावशी, बीपी लई वाढलंय. जान पे बन आयेगी. आत्ताच्या आत्ता निघायचं," म्हणत तिनं दवाखान्याच्या गाडीला फोन केला.

आणि मी काय करावं? दारात आडवी उभी राहिले! "नवस हाये माझा. मोडला तर देवी कोपंल." नसीमताईनं माझे दोन्ही हात धरले. "मावशी, मोडायचं पाप माझ्या नावावर टाका. वर जो जबाब द्यायचा तो मी देईन. पोरीला जाऊ द्या." ज्या बाईला मी आठ महिन्यांत कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, ती माझ्या देवीचा कोप अंगावर घ्यायला निघाली होती. माझी मलाच लाज वाटली. देवघरातलं कार्ड उचलून नसीमताईच्या हातात दिलं, मीराच्या काखेत मीच हात घातला आणि तिला बाहेर नेलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर, सिस्टर सगळ्या धावल्या. अजून तासदोन तास गेले असते तर झटके आले असते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी. इवलीशी, पण रडली खणखणीत. नसीमताई बाहेर बाकड्यावर बसून होती, तिच्या गळ्यात पडून मी रडले. देवी कोपली नव्हती. तिनं माझी हाक ऐकून माणूस पाठवलं होतं.

नंतर डॉक्टरबाई कार्ड घेऊन मीराच्या खाटेपाशी आल्या. कार्ड कुंकवानं माखलेलं, आतले रकाने कोरे. "एकही तपासणी नाही? पहिल्या वेळी तरी केली होती का? तेव्हाही अशीच सूज होती?" मीरा हळूच म्हणाली, "सूज होती. पण मलाच दवाखान्याचा कंटाळा यायचा." पोरगी मला पाठीशी घालत होती! मी उठले. म्हटलं, "नाय मॅडम. दोन्ही वेळा मीच जाऊ दिलं नाय. पहिल्या वेळी म्हणलं, आमच्या वेळी कुठं होत्या तपासण्या. पहिलं लेकरू तिच्या बांगड्यांनी नाय गेलं. माझ्या हट्टानं गेलं."

दोन वर्षांत मीरा त्या बाळासाठी माझ्यापुढं एकदाही रडली नव्हती. त्या दिवशी माझा हात घट्ट धरून पोटभर रडली आणि मी तिला गप्प हो म्हटलं नाही. देवीकडं आता मी काही मागत नाही. डोळे मिटून एवढंच म्हणते, आई, तुला कळतं ते मला कळत नाही.