चव घेणारी बाई

"चावून बघ. तुमच्या लोकांना सगळं पचतं."

असं म्हणून सरांनी अर्धवट सुकलेलं पान माह्या तळहातावर ठेवलं. मागं उभे असलेले दोन रिसर्चवाले पोट्टे हसले. समोर उंटीण आडवी पडली होती. तोंडातून फेस गळून राहिला होता. तिचा मालक तिची मान मांडीवर घेऊन बसला होता. अन् मी हातात पान धरून उभी.

नवा रायपूरच्या बाहेर, रुंद रस्त्याच्या कडेला, त्या कच्छी लोकायचा डेरा होता. ते उंट अन् मेंढ्या घेऊन इकडं येतात. आमच्या संशोधन संस्थेले पाहायचं होतं, उंट रानातलं काय काय खाते. कोणत्या पाल्यानं अंग भरते, कोणता औषधी, कोणता जहरी. सर ह्या कामाचे प्रमुख, मी कंत्राटावर मदतनीस. पाला तोडायचा, वाळवायचा, थैल्या उचलायच्या.

अन् चव घ्यायची.

हे काम ठरलं नव्हतं. सुरुवातीले सर सहज म्हणाले, "सांग, कडू आहे की तुरट?" मी चावलं, सांगतलं. मंग तेच चालू झालं. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, पळसाची कोवळी पानं, गुळवेल. मी चावायची, थुंकायची, पोट्टे लिहून घ्यायचे. रुईच्या चिकानं एकदा ओठ सुजले. सर म्हणाले, "होतं असं." मले आधी वाटे, आपल्याले समजते म्हणून विचारतात. मंग डोक्यात किडा वळवळायले लागला. ह्या पोट्ट्यायले जीभ नाही का? सर काहून नाही चाखत?

सर समता कॉलोनीतले. मराठ्यांच्या राज्यापासून त्यांचं घराणं रायपुरात. माह्याशी मराठीत बोलले तेव्हा मी खुश झाली होती. मंग त्यायनं आडनाव विचारलं. मंग बाबा काय करायचे ते विचारलं. बाबा भंडाऱ्याकडून आलेले, इथं गुढियारीत मालधक्क्यावर हमाल. सर म्हणाले, "अच्छा." बस. दुसऱ्या दिवशी गाडीत माही पाण्याची बाटली वेगळी होती.

तं त्या दिवशी. रस्त्याच्या मधातली झाडं छाटून कोणी ढिगारा टाकला होता. उंटिणीनं त्यात तोंड घातलं. पानं सुकून वळली होती, कशाची ते ओळखू येत नव्हतं. सरांनी दिलेलं पान मी तोंडाकडं नेलं. हो, नेलं. सवय पडली होती.

उंटवाल्याची बायको, रानूबेन, धावत आली. तिनं माह्या हातावर फटका मारला. पान खाली पडलं.

"पागल है क्या? हमारा जानवर मर रहा है, और तू वही खाएगी?"

सर चिडले. "बीच में मत बोलो." अन् वाकून दुसरं पान उचललं.

तेव्हा मले दिसलं. त्यांच्या दोन्ही हातात रबराचे मोजे होते. पोट्ट्यायच्या हातातही. माहाच तेवढा हात उघडा.

"सर, आधी तुम्ही खा."

"काय म्हणालीस?"

"तुम्ही खा. तुमच्या लोकायले काहून नाही पचत?"

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." गाडी निघून गेली. मी डेऱ्यावरच राहिली, रानूबेनसंगं पाणी आणत. सांजेच्या आत उंटीण मेली. रानूबेननं तिच्या गळ्यातली घंटी सोडली.

ढिगाऱ्यातली डहाळी मी ओढणीत बांधून आणली होती. गुढियारीतल्या डॉक्टरले दाखवली. ते म्हणाले, "कनेर है. सीधा दिल पर असर करता है." कनेर म्हणजे आपली कण्हेर.

सरांनी मोजे घातले होते. मंग त्यायले माहीत होतं का? मी लय विचार केला. मले वाटते, माहीत नसलं तरी शंका होती. अन् शंका होती म्हणूनच पान माह्या हातावर आलं.

चार दिवसांनी संस्थेच्या मोठ्या साहेबानं ऑफिसात बोलावलं. सरही बसले होते. साहेब म्हणाले, "मजाक था, दीदी. बात खत्म करो, काम पर आ जाओ." सर मराठीत म्हणाले, "तू मला मुलीसारखी आहेस." त्यांनी माह्यासमोर चहा ठेवला. मी कपाले हात लावला नाही.

"बात खत्म नहीं होगी," मी म्हणाली.

"नौकरी जाएगी," साहेब म्हणाले.

"जाने दो."

तिथून मी सरळ ठाण्यात गेली. जातीवरून बोलले, जहर खायले दिलं, दोन्ही सांगतलं. हवालदारानं तीनदा विचारलं, "समझौता कर लो ना?" तीनदा नाही म्हटलं. लिहून घेईपर्यंत बाकावरून उठली नाही.

डेरा आता पुढं निघून गेला. रानूबेन म्हणाली, साक्षीले येईन. येईल की नाही, कोण जाणे. तिले कोणी धमकावलं असेल, काही दिलं असेल. मी कोणावरच भरवसा ठेवून बसली नाही. ती आली तं दोघी बोलू. नाही आली तं मी एकटी बोलीन. तक्रार मागं घेणार नाही.