हाड मऊ करायला लागलेले सहा आठवडे

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. रोग्यांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे आणि त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, हेच काम ती एकवीस वर्षं करत होती. हात असा बसला होता की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणत, ताई शिंकल्या तरी काप सरळच येतो.

त्या वर्षी मॅडम एका प्रश्नाच्या मागे होत्या. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात शिरला की तिथल्या पेशींना कसला निरोप धाडतो? त्यांचा संशय एका प्रथिनावर होता. ते असेल तिथे रंग दिल्यावर काप तपकिरी दिसायला हवा. बारा रोग्यांचे काप पाहिले, सगळे कोरे. मॅडमनी नाद सोडायचं ठरवलं.

ताईला ते पटेना. हाड कापण्याआधी मऊ करावं लागतं. घाईपायी इथे ते तीव्र आम्लात टाकलं जात होतं, आणि आम्लाने कॅल्शियमबरोबर प्रथिनाचीही वाट लागते.

"निरोप नाही असं नाही, मॅडम. आपणच तो पुसून टाकतोय. मला सहा आठवडे द्या."

अहवाल तोंडावर आला होता. बरीच का-कू करून मॅडमनी उरलेले चार तुकडे तिच्या हवाली केले. ताईने ते सौम्य द्रावणात ठेवले आणि रविवारीसुद्धा येऊन द्रावण बदललं.

घरी तिचा थोरला भाऊ होता, शिंपी. हाच आजार त्याच्या मणक्यात उतरला होता. मशीनवर बसवत नसे, म्हणून पलंगावर टेकून तो काजं करी. ताईने त्याला सगळं समजावलं: निरोप मिळाला की हाड पोखरलं जातं, आणि त्यातून जे सुटतं त्यावर कॅन्सर आणखी पोसतो. मधेच निरोप तोडला तर, असं त्याने विचारलं.

"तर कदाचित थांबेल. पण औषध व्हायला वर्षं लागतील, दादा. तुझ्या वेळेला नाही."

त्याने दाताने दोरा तोडला. "मग घाई कशाला? नीट कर."

सातव्या आठवड्यात तिने रंग दिला. चारांपैकी तीन काप तपकिरी झाले, कॅन्सर हाडाला भिडतो नेमका त्याच कडेला. चौथा कोराच राहिला. मॅडम आनंदात तो वगळू पाहत होत्या. ताईने तोही नोंदवायला लावला.

दादा पुढे आठ महिने जगला. तो गेल्यावर आठवड्याभरात ती कामावर आली. दुसऱ्या रुग्णालयातून एकोणीस नवे तुकडे आले होते आणि सोबत चिठ्ठी: तुमच्याच पद्धतीने करावेत. तिने बाटल्यांवर तारखा घातल्या आणि ती कामाला लागली.