गिअरबॉक्सचा बूच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. शांतपणे सांगता येणार नाही, आधीच सांगतो. अजून संताप येतो. कुणाचा? पहिला माझाच.

साठ सालानंतरची गोष्ट. पौडला थोरल्या भावाची, दादाची, जुनी मोटार होती. गिअरबॉक्सच्या तळाच्या बुचातून तेल ठिबकायचं. दादा म्हणाला, रहीमभाईंकडून नवा बूच बसवून घे. रहीमभाईंचं बाजारात दुरुस्तीचं दुकान. गावातली इंजिनं, पंप सगळं त्यांच्याच हाताखालून जायचं. पण मी पुण्यात शिकून आलेलो — मला त्यांची काय गरज? अंगणातच गाडीखाली शिरलो. जुनं तेल घमेल्यात सोडलं, नवा बूच लावला. तो तिरका बसतोय हे हाताला कळत होतं. तरी पान्याला पाइप अडकवून रेटला, आणि एकदम सैल झाला. आटे गेले. मग सुतळी गुंडाळली, साबण फासला, ठोकून बसवला, नवं तेल भरलं. दादाला सांगितलं — रहीमभाईंनी बसवला.

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी ताम्हिणीकडे निघाले. घाटात बूच गळून पडला, तेल गेलं, गिअरबॉक्स जाम. बैल जुंपून गाडी आणावी लागली.

दादानं भर बाजारात, माझ्यादेखत, रहीमभाईंना धरलं. नको ते बोलला.

"दादा, त्या बुचाला मी हात बी लावला न्हाई," ते म्हणाले.

दादा माझ्याकडे वळला. "खरं सांग, कुनी बसवला?"

मी रहीमभाईंकडे बोट केलं.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. नखांत काळं तेल होतं. दादालाही दिसलं असतं — बघायचं असतं तर. पण जमीनजुमल्याच्या घरातला, शिकलेला मुलगा खोटं बोलेल? मला कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. त्या न विचारण्याची आजही चीड येते. आणि त्याच्याआड मी किती आरामात उभा होतो — त्याची जास्त.

लोकांनी कामं देणं बंद केलं. वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं. रहीमभाई पुण्याला दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरीला लागले.

पुढं एकदा पुण्यात एसटी स्टँडवर भेटले. "दादा बरे हायेत ना?" एवढंच विचारलं. गाडी सुटायला अर्धा तास होता. ओळखीचं कुणी जवळ नव्हतं. त्यांनी चहा सांगितला. मी तो प्यायलो, पीकपाण्याचं बोललो, आणि गाडीत जाऊन बसलो.