पेटीवाला सुदर्शन आणि त्याचे डोंगर

माझ्या पेटीवाल्याला डोंगर दिसला की गाडी थांबवावी लागते, ही गोष्ट पहिली दोन वर्षं मी कोणाला सांगितली नव्हती. साथीदारांना काय काय नाद असतात ते मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. एकाला दर गावात मिसळ लागायची, एकाला दर मुक्कामी नवं भांडण लागायचं. पण दौऱ्याच्या मधोमध डोंगर चढून, मासे धरायच्या काठीला तार बांधून, हैदराबादच्या कुठल्याशा माणसाशी टिक-टिक करत गप्पा मारणारा हा पहिलाच.

मी सरोजिनी. शनिवार पेठेत राहते, भावगीतं आणि नाट्यपदं गाते, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये असते. सातारा, कराड, सांगली, सोलापूर, नगर, जिथे बोलावतील तिथे जाते. श्रोते माझ्याच वयाचे, म्हणजे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. मध्यंतरात चहा आणि गुडघे या दोनच विषयांवर बोलतात. तबल्याला आमच्याच गल्लीतला बाळ, बँकेतून निवृत्त झालेला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असूनही अजून बाळच. आणि पेटीला नऊ वर्षांपासून सुदर्शन.

सुदर्शन परभणीकडचा. वडील नागोराव गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीवर बसून हा शिकला. पुण्यात आला तो मात्र पासोड्या विठोबाजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर उभा राहायला. तिथे एक निवृत्त तारमास्तर सुटे भाग न्यायला यायचे. त्यांनी याला मोर्स शिकवलं. मोर्स म्हणजे लांब आणि आखूड सूर एकापुढे एक ठेवून शब्द करायचे. सुदर्शन म्हणतो, मला ते एका सुरातल्या ठेक्यासारखं ऐकू आलं, म्हणून पंधरा दिवसांत जमलं. मग सरकारची परीक्षा, परवाना, आणि हातभर लांबीची ती पिशवी, जिच्यात त्याचा रेडिओ, बॅटरी आणि तार असते. तो धायरीत राहतो. रविवारी नवरा घरी असतो असं त्याच्या बायकोला, प्रियदर्शनीला, लग्नाआधी कोणीतरी सांगितलं होतं. त्या माणसाला ती अजून शोधते आहे.

या डोंगरवाल्यांचे नियम आमच्या घराण्यांपेक्षा कडक. सामान स्वतः पाठीवर घेऊन चढायचं. माथ्यावरून चार वेगवेगळ्या माणसांशी बोलणं झालं तरच तो डोंगर झाला म्हणायचा. तीन झाले तर नाही. पलीकडच्या माणसाचं तोंड कधी दिसत नाही, बहुतेकदा आवाजही ऐकू येत नाही, नुसते ते सूर. एकदा कराडच्या अलीकडे एक म्हातारा मेंढरं सोडून याच्यापाशी आला. आधी त्याला वाटलं पवनचक्कीवाले आले. मग सुदर्शनने त्याच्या कानाला हेडफोन लावला. म्हाताऱ्याने विचारलं, काय म्हंतंय ते? सुदर्शनने सांगितलं, हैदराबादला ऊन आहे म्हणतोय. त्यावर म्हातारा म्हणाला, आन् एवढ्यासाठी इतकं वर आलास व्हय? त्याचं आणि माझं या बाबतीत पूर्ण एकमत आहे.

तरी मी गाडी थांबवत आले, कारण तो पेटी तशी वाजवतो. गाणारीच्या पुढे जात नाही आणि मागेही रेंगाळत नाही. मी शब्द विसरले की तो ती ओळ पेटीवर अशी वाजवतो की लोकांना वाटतं आता पेटीची पाळी होती. चांगल्या साथीदाराचं निम्मं काम लपवण्याचं असतं, आणि हा त्यात फारच चांगला निघाला, हे मला नंतर कळलं.

इथे माझ्या पट्टीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक गाणाऱ्याचा सा पेटीवर कुठेतरी ठरलेला असतो, आणि बाकी सगळं गाणं त्याच्यावर उभं असतं. माझा काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. बायकांच्या मानाने हा उंच सा, आणि विशीपासून मी त्याच पट्टीत गाते. हे सांगताना माझी मान जरा वर जाते, असं बाळ म्हणतो. पेटी लावणं आणि मोबाइलवरचा तानपुरा लावणं ही कामं सुदर्शनकडे असत. त्याची पेटी स्केल चेंजर. वरची पट्ट्यांची फळी सरकवली की वाजवणाऱ्याची बोटं जिथल्या तिथे राहतात आणि सूर तेवढा वर-खाली होतो.

गेल्या जानेवारीत सांगलीला कार्यक्रम होता. वाटेत एक डोंगर लागला. तिघांशी याचं बोलणं झालं आणि चौथा काही मिळेना. एरवी हा तासाभरात खाली येतो, त्या दिवशी तीन तास बसला. आम्ही नाट्यगृहात पोचलो तेव्हा पहिली घंटा झालेली होती. मी साडी बदलून आले तोवर तिसरी झाली. पडदा वर गेला, मी नमस्कार करून चार वाक्यं बोलले आणि माझ्या मागे या दोघांनी कसंबसं लावून घेतलं.

पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्या पदाच्या अंतऱ्यात वरचा पंचम आहे, जिथे टाळी पडते. तिथे माझा आवाज फाटला. मी पाणी प्यायले, हसले, ओळ परत घेतली. परत फाटला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. मला कळलं की त्यांना माझ्याकडे बघवत नाही. तसं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मध्यंतरात मी सुदर्शनकडे पाहिलं. तो पेटीवर वाकलेला होता. म्हणाला, चुकलं ताई, घाईत पट्टी वर लागली. उत्तरार्धात सगळं ठीक गेलं, म्हणजे चूक त्याचीच होती हे सिद्धच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या व्हरांड्यात मी त्याला बोलावलं. रात्रभर वाक्यं घोळवली होती, त्यामुळे ती चांगली धारदार झाली होती. म्हटलं, हैदराबादला ऊन आहे की नाही हे कळायला हवं, पण माझा सा कुठे आहे ते कळायला नको. आता गाडी तुझ्या डोंगरासाठी थांबणार नाही आणि तुझ्या पेटीसाठीही नाही.

त्याने हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाला, "डोंगर सोडले तर, ताई?"

"ते काल ठरवायचं होतंस."

त्याने मान हलवली आणि सामान गाडीत चढवायला गेला. गाडी पुण्यात आली. नवले पुलापाशी तो उतरला, पेटी खांद्याला, रेडिओची पिशवी पाठीला. बाळ त्याला हात करत होता. मी पुढे बघत होते.

त्याच्या जागी शौनक नावाचा मुलगा आला. इंजिनिअर, विशारद, हात तयार. माझ्या घरी तालमीला बसलो. त्याने काळी पाच लावली, मी तेच पद घेतलं आणि त्याच पंचमावर आवाज तसाच फाटला. मी म्हटलं, तुमची पट्टी वर लागली आहे. तो म्हणाला, नाही मॅम, ॲक्युरेट आहे, आणि मोबाइलवरचा सूर मोजणारा काटा दाखवला. मी म्हटलं, मोबाइलला गाणं येतं का? मग माळ्यावरून माझी जुनी पेटी काढली, तिच्यावरची धूळ पुसली, आणि काळी पाच दाबली. तोच सूर. शौनकला चहा देऊन घरी पाठवलं आणि बाळला बोलावून घेतलं.

बाळ आला तो दारातच समजला. खुर्चीवर बसला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुझी पट्टी उतरवून दोन वर्षं झाली, सरोजिनी," तो म्हणाला. "आधी पांढरी सहा. गेल्या दिवाळीपासून काळी चार. त्याची बोटं काळी पाचवरच असायची, तुला दिसावीत म्हणून. तानपुराही तसाच खाली लावायचा. मी डग्ग्याबरोबर वेगवेगळ्या पट्टीचे दोन तबले आणायचो ते कशाला, हे तू कधी विचारलं नाहीस."

मी विचारलं, मग सांगलीत काय झालं? बाळ म्हणाला, सांगलीत तो विसरला. डोंगरावरून आला आणि थेट खरी काळी पाच लावून बसला. माझ्या लक्षात आलं तेव्हा तू बोलायला लागली होतीस.

मला आधी राग आला. दोन पुरुषांनी मिळून दोन वर्षं मला लहान मुलीसारखं फसवलं म्हणून. तो राग बाळ जिना उतरेपर्यंत टिकला. मग लाज वाटली, आणि ती काही केल्या जाईना. सांगलीच्या मध्यंतरात मी सुदर्शनच्या त्या वाक्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला होता. तो खोटं बोलला नव्हता, पट्टी खरंच वर लागली होती, रोजच्यापेक्षा वर. व्हरांड्यात एका वाक्यात त्याला स्वतःची पेटी वाचवता आली असती. त्याऐवजी त्याने डोंगर सोडायची तयारी दाखवली आणि मी तीही स्वीकारली नाही.

रविवारी सकाळी रिक्षा करून धायरीला गेले. प्रियदर्शनीने दार उघडलं. "या" म्हणाली, पण आवाजात "या" नव्हतं. तिचा काही दोष नाही. पंधरा दिवसांत त्यांनी पेटीला हात लावलेला नाही, एवढंच तिने सांगितलं आणि मागच्या डोंगराकडे बोट केलं. मी वळले तेव्हा मात्र मागून म्हणाली, पायवाट डावीकडून घ्या, उजवीकडे घसरतं.

अर्ध्या तासाची चढण मला सव्वा तास लागली. माथ्यावर एका सपाट दगडापाशी सुदर्शन बसला होता. मला बघून गडबडून उभा राहिला आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी दगडावर बसून श्वास परत आणला. बोलायचं ठरवलेलं सगळं वाटेतच संपलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाणं बंद केलं असतं, ताई."

हे खरं होतं. मी केलं असतं. मोठ्या दिमाखात केलं असतं, शेवटचा कार्यक्रम, शाल, श्रीफळ, सगळं.

मग मी विचारलं, दोन वर्षं एकदाही चुकला नाहीस, त्या दिवशीच कसा चुकलास? तो जरा लाजला. रेडिओचा छोटा स्पीकर लावून म्हणाला, ऐका. आणि मोर्सची कळ बोटाने दाबून धरली. एक लांब, सरळ सूर निघाला. मी दचकून विचारलं, हे सगळीकडे जातंय का? तो म्हणाला, नाही ताई, आत्ता हवेत जायचं बंद केलंय, फक्त आपल्यालाच ऐकू येतंय.

तो माझा सा होता. काळी पाच.

"हा सूर ज्याला जसा पाहिजे तसा लावता येतो," सुदर्शन म्हणाला. "तुमच्याकडं आलो त्या वर्षी तुमचा लावला होता. पेटीवरचा उतरवला, पण इथला उतरवू वाटला नाही. त्या दिवशी तीन तास हाच कानात होता बघा. खाली येऊन पेटी लावायलो, तर काळी चार बेसूर वाटायली."

नऊ वर्षं हा माणूस कुठल्या कुठल्या माथ्यांवर बसून अनोळखी लोकांशी माझ्या सुरात बोलत होता, आणि मी खाली गाडीत घड्याळ बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पुसलं नाही, तिथे बघायला दुसरं कोणी नव्हतं.

त्याने पुन्हा कळ दाबली. मी सूर लावला. सा लागला. हळूहळू वर गेले, पंचमाच्या अलीकडे आवाज कापरा झाला. आणि मला दिसलं, सुदर्शनचा दुसरा हात न बोलता रेडिओच्या बटणाकडे चालला होता. सवयीनेच. डोळे माझ्याकडे, हात तिकडे.

मी त्याचं मनगट धरलं.

"सांगून उतरव," मी म्हटलं.

तो थांबला. मग बटण फिरवलं, सूर खाली आला, आणि जिथे थांबला तिथे तो स्पष्ट आवाजात म्हणाला, "काळी चार, ताई."

मी घसा साफ केला आणि त्या पट्टीत गायला लागले.