रिकाम्या गाडीचं माप

चष्मेवाल्याच्या पायाला भिंगरी लागलेली आहे, हे त्याच्या सासूबाईंनी लग्नाआधीच ओळखलं होतं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा अर्ध्या तासात हा माणूस तीन खुर्च्या बदलून बसला आणि चौथी रिकामी नव्हती म्हणून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तो गेल्यावर सासूबाई मुलीला म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. पण याला खिळा ठोकूनच बसवावा लागेल." चष्मेवाल्यानं आता पन्नाशी ओलांडली होती, तरी तो खिळा काही कुणाला सापडला नव्हता.

दुकानात मात्र तो निराळाच. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवली की आरसा बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "खाली वाका. बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. आता हसा. असं नाही, मनापासून हसा." मोठमोठी माणसं संकोचानं वाकायची आणि उगाचच हसायची. ताठ बसलेल्या माणसाला कुठलाही चष्मा बसतो, माणूस हलला की खरं काय ते कळतं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं दिलेला चष्मा कधी कुणाच्या नाकावरून घसरला नाही. पण संध्याकाळी शटर खाली ओढलं की हे सगळं शहाणपण आतच राहायचं आणि बाहेर पडायचा तो नुसता भिंगरीवाला.

एके काळी दुर्बीण होती. मग काचेच्या पेटीतले मासे आले, मग सायकल. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्याच्या बायकोनं प्रत्येक खुळाला आपल्या घरात जागा करून दिली होती आणि प्रत्येकाची धूळही पुसली होती. सध्याचं खूळ अंगणात उभं होतं. चार दारांची, दिसायला साधीसुधी गाडी, पण पोटात दांडगं इंजिन. रविवारी पहाटे तो तिला घेऊन शहराबाहेरच्या वळणांच्या रस्त्यावर जायचा. एकटाच. बायको एकदा सोबत गेली होती. परत आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी मला घरीच विसर."

या गाडीची मूळ चाकं त्याच्या डोळ्यांत खुपत होती. घोड्याला गाढवाचे खूर लावलेत, असं तो येईल त्याला सांगायचा. बदलायचं तर नक्की होतं, पण काय घ्यायचं? अठरा इंची की एकोणीस? चाक मोठं घेतलं की टायरची कड बारीक होते. गाडी वळणावर सुरीसारखी वळते, पण रस्त्यातला खडान्‌खडा कमरेला कळतो. जाड कडेचा टायर मऊ चालतो, पण वळणावर गाडी झोल खाते. आणि या सगळ्याच्या वर तो ऑफसेट, म्हणजे चाक किती आत बसणार आणि किती बाहेर. बाहेर घेतलं की टायर मडगार्डच्या अगदी कडेला येतो आणि गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते. जरा जास्त बाहेर गेलं की मात्र घासतं.

हे वाचून तुम्हाला कंटाळा आला असेल तर त्याच्या बायकोचा विचार करा. ती हे तीन महिने ऐकत होती. जेवताना तो ताटाच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "हे साधारण चौदा." दुसऱ्याच्या गाडीची चाकं बघायला भर रस्त्यात खाली वाकायचा. सकाळी अठरा ठरायचं, दुपारी एकोणीस, आणि संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. झोपेतही कूस बदलता बदलता काहीतरी मोजायचा.

याच तीन महिन्यांत घरात दुसरीही एक गोष्ट चालली होती, आणि ती चाकांपेक्षा फार मोठी होती. सासूबाई आपल्या मुलाकडे राहायच्या. मुलगा बायकोमुलांसह परदेशी निघाला होता आणि घर विकायला काढलं होतं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून वर्ष झालं होतं. काठीच्या आधारानं चालायच्या. त्यांनी स्वतःच चौकशी करून एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. "तिथं पैसे दिले की कुणाचे उपकार नाहीत," म्हणायच्या. "मला कुणाच्या घरात ओझं होऊन पडायचं नाही." आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात कानाला यंत्र लावून बसलेली बाई, कान अजूनही तिखट. फोनवर मुलीच्या आवाजात जरा शंका आली की लगेच म्हणायच्या, "बघ, तुलाही जड जातंय."

मुलीनं हट्ट सोडला नाही. रोज फोन, रोज तीच विनवणी, आमच्याकडे राहायला ये. शेवटी एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "बरं. येऊन बघते. पटलं तर राहीन." त्या दिवशी बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बराच वेळ रडली आणि मग नवऱ्याला म्हणाली, "एक लक्षात ठेव. तिला एकदा जरी वाटलं ना, की आपल्यामुळं यांची अडचण होतेय, तर संपलं. परत कधी येणार नाही ती."

"तू काळजीच करू नकोस," चष्मेवाला म्हणाला. "मी स्वतः आणतो त्यांना. ऐटीत. नव्या चाकांवर."

हे तो अगदी मनापासून बोलला होता. दुसऱ्याच दिवशी दुकान लवकर बंद करून त्यानं टायरवाल्याकडे गाडी लावली. तिथं रबराचा उग्र वास, भिंतीला टायरांच्या थप्प्या आणि खुंट्यांवर टांगलेली चकचकीत चाकं. लग्नाची बोलणी चालू असतानासुद्धा तो इतका घामाघूम झाला नव्हता. एकोणीस इंची, पाच आऱ्यांची, करड्या रंगाची चाकं आणि बारीक कडेचे चिकट रबराचे टायर, असं शेवटी ठरलं. टायरवाल्यानं ऑफसेट लिहून घेता घेता विचारलं, "मागं माणसं बसतात का? बसत असतील तर जरा आत घेऊ."

चष्मेवाला तेव्हा गुडघ्यांवर बसून मडगार्ड आणि चाकाच्या मधे बोट घालून बघत होता. "छे हो," तो म्हणाला. "मागं कोण बसतंय? मी एकटाच असतो."

चाकं चढली. त्यानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. गतिरोधकावरून गाडी परत परत नेली. कुठं साधा स्पर्श नाही. जुनी चाकं टायरवाल्यानं बदल्यात ठेवून घेतली, आणि त्या रात्री चष्मेवाला फार दिवसांनी शांत झोपला.

सासूबाईंना आणायला नवराबायको सकाळीच गेले. दोन जड बॅगा डिकीत गेल्या. पुढच्या सीटवर पाय नीट पसरता यावेत म्हणून त्यानं सासूबाईंना तिथं बसायला सांगितलं, पण त्यांना लेकीजवळ बसायचं होतं. दोघी मागे बसल्या. जुन्या घराकडे एकदाही न बघता सासूबाई म्हणाल्या, "चला." काठी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा आला आणि मागून आवाज आला. खर्रर्र.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, रस्ता खराब आहे," चष्मेवाला म्हणाला.

पुढे रस्ता गुळगुळीत होता, तरी वळणावर पुन्हा तेच. पुलाच्या सांध्यावर तर असं खरवडलं की चष्मेवाल्याच्या दातांतून कळ गेली. त्यानं वेग कमी केला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. मानेवर घाम आला, एक डोळा आरशात, एक कान चाकाकडे, डोक्यात नुसता गोंधळ. नवा टायर सोलून निघतोय, एवढं एकच त्याला दिसत होतं.

"माझ्या बाजूला होतंय ते," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या खालीच."

आणि या माणसाला त्या क्षणी अवदसा आठवली. तो म्हणाला, "आई, जरा मधे सरकून बसता का?"

सासूबाई लगेच हलल्या नाहीत. मग खुब्याला हात लावून, दात आवळून त्या इंचभर सरकल्या. "माझ्या वजनानं होतंय का?"

"नाही, तसं नाही... म्हणजे, थोडंसं."

आरशात त्याला बायकोचा चेहरा दिसला आणि आपण काय बोललो ते तेव्हा कुठे त्याला कळलं. पण बाण सुटला होता. पुढच्या खड्ड्याला पुन्हा खर्रर्र झालं. सासूबाई खिडकीबाहेर बघत अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "जावईबापू, गाडी वळवा. त्या वृद्धाश्रमाचा रस्ता मला माहीत आहे. आज जागा देतील ते."

त्यानं गाडी कडेला घेतली. उतरून चाकापाशी बसला. टायरच्या कडेचं रबर कातरल्यासारखं झालं होतं आणि मडगार्डच्या आतल्या कडेचा रंग उडून पत्रा उघडा पडला होता. त्याला भयंकर राग आला. "त्या टायरवाल्यानं वाट लावली," तो म्हणाला. "एवढी साधी गोष्ट कळू नये त्याला?"

बायको खाली उतरली होती. विज्ञानाच्या बाई त्या, कार्यकारणभाव सोडतात होय. "मागं माणसं बसली की गाडी दबते. त्यानं विचारलं नव्हतं का तुला, मागं कुणी बसतं का म्हणून?"

नाही म्हणायला काय लागत होतं? टायरवाला काही तिथं साक्ष द्यायला येणार नव्हता. चष्मेवाला उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. मागचं दार उघडं होतं आणि आत ते तिखट कान होते.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, मागं कोण बसतंय, मी एकटाच असतो."

"कधी?"

"आई येते म्हणाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तो वळून उघड्या दारापाशी गेला आणि वाकून आत बघत म्हणाला, "आई, तुम्ही नको होतात म्हणून नाही बोललो तसं. मला कुणी आठवलंच नाही. गाडी रिकामी होती, मी रिकाम्या गाडीचंच माप घेतलं."

"हे तर जास्तच वाईट आहे," बायको मागून म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली, आणि पहिल्यांदाच त्याला तिथून कुठे पळावंसं वाटलं नाही.

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "निदान खरं बोललात," त्या म्हणाल्या. "आमचे चिरंजीव दोन महिने 'आई, मला फक्त तुझीच काळजी' म्हणत घरातली कपाटं रिकामी करत होते." मग काठी टेकून त्या हळूहळू बाहेर आल्या. वृद्धाश्रमाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, पण घरी चला असंही म्हणाल्या नाहीत.

बायकोनं हात पुढे केला. "किल्ली."

"तू चालवणार? अगं, ही गाडी तुला—"

"आई पुढं बसेल, मी चालवीन. मागं कुणी नको, डिकीत काही नको. तू बॅगा घेऊन बसनं ये."

ही गाडी त्यानं आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. धुवायलासुद्धा नाही. त्यानं किल्ली दिली. बॅगा उतरवल्या, सासूबाईंचा पाय आत ठेवायला मदत केली आणि काचेपाशी वाकून म्हणाला, "क्लच जड आहे, आणि दुसऱ्या गिअरला—" काच वर गेली.

बस लवकर आली नाही. आली ती गच्च भरलेली. दोन बॅगा पायांत धरून तो दांड्याला लटकला होता आणि जीव थाऱ्यावर नव्हता. बायकोला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. आता त्या कुठे असतील? घराकडे, की वृद्धाश्रमाच्या दारात? तिकडे गेल्या तर बायको आपल्याला काही बोलणार नाही, आयुष्यभर एक शब्द बोलणार नाही, आणि तेच त्याला सहन होणार नव्हतं. गाडीचं काय झालं असेल, हे मात्र त्याच्या मनातही आलं नाही. आपल्या मनात ते आलं नाही, याचंच त्याला एका थांब्यावर नवल वाटलं.

घरासमोर गाडी नव्हती. तो फाटकाशी येरझारा घालत राहिला. बऱ्याच वेळानं कोपऱ्यावरून ती करडी चाकं आली, आवाज न करता. पुढे दोघी बसलेल्या. "आई म्हणाली, जरा लांबून घे," बायकोनं एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आजचा दिवस राहते. उद्याचं उद्या बघू." रात्री त्यांनी बॅगा उघडल्या नाहीत.

सकाळी चष्मेवाल्यानं दुकान उघडलंच नाही. सासूबाईंच्या खोलीच्या दारात तो या पायावरून त्या पायावर होत उभा राहिला. "आई, एक काम आहे. टायरवाल्याकडे यावं लागेल तुम्हाला."

"मी कशाला?"

"तुम्ही मागं बसल्याशिवाय माप घेता येणार नाही."

थोड्या वेळानं टायरवाल्याच्या दुकानात गाडी उभी होती. मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांची लेक, डिकीत त्या दोन न उघडलेल्या बॅगा. टायरवाला पालथा पडून मडगार्डखाली पट्टी घालत होता आणि चष्मेवाला गाडीभोवती गरगर फिरत होता. "आई, जरा पुढं वाका. आता मागं टेका. आता हसा."

"हसल्यानं काय होतंय?" टायरवाल्यानं खालून विचारलं.

"गाडी हलते," चष्मेवाला म्हणाला. सासूबाईंना खरोखरच हसू आलं, आणि गाडी हलली.

अठरा इंची ठरलं. कड जाड, चाक आत. खुंटीवरची पाच आऱ्यांची एक जोडी फार सुरेख होती, पण तिच्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. टायरवाला उठून अंग झटकत म्हणाला, "झालं. उतरा आजी."

सासूबाई उतरल्या नाहीत. काठी मांडीवर आडवी घेऊन ऐसपैस मागे टेकल्या. "माझ्या बाजूनं परत एकदा मोजा," त्या म्हणाल्या. "रोज बसायचंय मला."